डॉक्टर बुयुंगच्या गुणांची चौकशी

आंदुंग नियारच्या, म्हणजे नियार आजीच्या, खाणावळीत पानात भात टाकून उठायची सोय नव्हती. मागे एकदा जिल्हा कचेरीतले एक साहेब तसे उठले होते. आंदुंगने तो उरलेला भात केळीच्या पानात नीट बांधला, गाडीपर्यंत चालत गेली आणि साहेबांच्या बायकोच्या मांडीवर पुडी ठेवून म्हणाली, "घरी न्या. वाढलेलं संपवायचं असतं हे यांना कुणी शिकवलेलं दिसत नाही. तुम्ही तरी शिकवा." तेव्हापासून साहेब पारियामानला आले तरी समुद्राकडच्या रस्त्याला गाडी वळवत नाहीत म्हणे.

आणि अशा बाईचा सख्खा नातू गेला आठवडाभर रोज संध्याकाळी कोपऱ्यातल्या शेवटच्या टेबलावर बसून अर्धा भात टाकत होता.

नातवाचं नाव रफदी. तो डॉक्टर झाला होता आणि गावच्याच आरोग्य केंद्रात उमेदवारीचं वर्ष काढत होता. केंद्रात त्याला सगळे डॉक्टर रफदी म्हणत. आजी त्याला बुयुंग म्हणे, म्हणजे नुसतं 'पोरा', आणि तो उद्या मंत्री झाला असता तरी तिने दुसरं काही म्हटलं नसतं.

सोमवारी आंदुंगने झारा खाली ठेवला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बुयुंग, माशाच्या डोक्यात काही खोट आहे?"

"नाही, आंदुंग."

"रश्शात?"

"नाही गं."

"मग त्या डबड्यात असं काय आहे जे माझ्या रश्शात नाही?"

डबडं म्हणजे रफदीचा लॅपटॉप. त्याने तो तिच्याकडे वळवला. तिला त्यात रांगाच्या रांगा दिसल्या, काही हिरव्या, पुष्कळशा लाल. हे त्याचं लॉगबुक. पूर्वी कागदाची वही असायची, ती आता पोर्टलवर असते. जखम शिवली, की कुणाची, कशी, किती टाके, देखरेखीला कोण, सगळं भरायचं. मग ते डॉक्टर तिउर्मांकडे जातं. त्या केंद्राच्या मुख्य. त्यांनी मान्य केलं की रांग हिरवी. आठवड्यात नाही केलं की लाल.

"आणि लाल झाली की?"

"मग ती जखम शिवलीच नाही असं धरतात."

 "अजो पुदीन भुवईला टाके घेऊन अख्ख्या धक्क्यावर मिरवतोय. त्याला जाऊन सांगू का, की बाबा रे, तुझी भुवई अजून फाटकीच आहे, सरकारने तसं धरलंय?"

अजो पुदीनच्या भुवईचं प्रकरण तर फारच बिकट होतं. अजो म्हणजे दादा, आणि हा दादा होडीवाला. त्याच्या भुवईत मासे धरायचा गळ घुसला होता आणि तो रफदीने काढला होता. पण पोर्टलच्या यादीत नाकात मणी होता, कानात किडा होता, भुवईत गळ नव्हता. म्हणून 'इतर' निवडावं लागलं. 'इतर' निवडलं की पोर्टलला संशय येतो आणि ते निबंध मागतं. या अनुभवातून तुम्ही काय शिकलात? त्या वेळी तुम्हाला काय वाटलं?

"भुवई त्याची, गळ त्याचा," आंदुंग म्हणाली, "आणि वाटायचं तुला?"

रफदी बिचारा काय वाटलं ते आठवत बसला, तेवढ्यात पोर्टलने त्याला बाहेर काढलं. बराच वेळ हालचाल नाही, असं कारण दिलं. विचार करणारा माणूस हलत नाही एवढी साधी गोष्ट त्या यंत्राला कुणी सांगितलेली नव्हती. आंदुंगच्या मते यंत्र बनवणाऱ्यांनाही ती ठाऊक नसावी.

पण लाल रांगा ही खरी अडचण नव्हतीच. डॉक्टर तिउर्मा त्या एकेक करून हिरव्या करत होत्या. खरी अडचण पोर्टलच्या शेवटच्या पानावर होती. ज्यांच्यात राहून काम केलं त्या डझनभर माणसांनी डॉक्टरबद्दल मत द्यायचं. प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी गुण. कुणी काय लिहिलं ते कुणाला कळणार नाही. शुक्रवारी पोर्टल बंद. मतं आली नाहीत किंवा वाईट आली, तर अर्धं वर्ष पुन्हा. आणि अर्धं वर्ष पुन्हा, म्हणजे पादांगच्या मोठ्या रुग्णालयात बालरोगाचं शिक्षण घ्यायला जी जागा रफदीला मिळाली होती, ती दुसऱ्या कुणाला.

"मग सांग ना लोकांना लिहायला!"

"लिंक पाठवली होती, आंदुंग. कुणी उघडतच नाही."

उघडणार कसे? मागच्या रमजानात अजो पुदीनने अशाच एका लिंकवर बोट ठेवलं होतं, आणि त्याच्या फोनवरून गावातल्या प्रत्येकाला, मशिदीच्या इमामांनासुद्धा, एका उघड्या अंगाच्या बाईचं चित्र गेलं होतं. तेव्हापासून गाव लिंक म्हटली की दोन पावलं मागे सरे.

"तोंडाने सांग."

"काय सांगू? माझ्याबद्दल चार बरे शब्द लिहा, असं?" रफदीचे कान लाल झाले. त्याचे कान लहानपणापासून तसेच.

मुलगा बरोबर बोलत होता. आपल्या माणसाचं कौतुक आपणच मागायचं हे त्या घराला शोभणारं नव्हतं. तिने स्वतः या नातवाला जन्मापासून चारचौघांत 'हडकुळा', 'झोपाळू' आणि 'नाक बघा कसं' यापलीकडे काही म्हटलेलं नव्हतं. तो डॉक्टर झाला त्या दिवशी लोक पेढ्यासारखं गोड काहीतरी मागायला आले, तर तिने "झाला एकदाचा, दुसरं काही जमण्यासारखं नव्हतं," एवढंच सांगितलं आणि दिवसभर फुकट जेवायला घातलं.

"भात संपव," ती म्हणाली. "पुढचं मी बघते."

पुढचं आंदुंग नियारने बघायचं ठरवलं की गावात शहाणी माणसं आपापली कामं काढून बाहेरगावी जात. या खेपेला कुणाला वेळच मिळाला नाही.

खाणावळीसमोर गल्ली ओलांडून फोनचं दुकान आहे. ते वीर्ना चालवते, एतेक दार्निसची मुलगी. एतेक म्हणजे मावशी, पण दार्निस कुणाची मावशी वाटावी अशी बाई नव्हे. ती नारळाचा धंदा करते आणि हसते तेव्हाही हिशेब करते. मुलगी मात्र शांत. आंदुंगने वीर्नाला लिंक दिली आणि सांगितलं, की मी बोलते, तू हे त्याला जोड आणि बायकांच्या गटावर, होडीवाल्यांच्या गटावर, जिथे जिथे माणसं आहेत तिथे पाठव. लिहिण्याच्या भानगडीत आंदुंग पडत नसे. बोललेलं लवकर पोचतं असा तिचा अनुभव होता.

ती फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलली ते असं:

"ऐका. नियार बोलते. आमच्या बुयुंगविषयी पादांगच्या मोठ्या माणसांना काही विचारायचंय. खाली निळी अक्षरं आहेत, त्यावर बोट ठेवा, उघडं-बिघडं काही येणार नाही, फक्त प्रश्न येतील. खरं असेल ते सांगा. काय सांगितलंत ते एकमेकांत बोलायचं नाही, मलाही सांगायचं नाही. आणि शुक्रवारच्या आत करा. त्या लोकांना घाई आहे."

"आंदुंग, हे कशासाठी आहे ते सांगायला नको?" वीर्नाने विचारलं.

"वर मथळा आहे की. सगळ्यांना वाचता येतं. मी चौथी झाले नाही तरी मला येतं."

मथळा होताच. पण तो तीन ओळींचा होता, आणि तीन ओळींचा मथळा वाचणारा माणूस पारियामानात अजून जन्माला यायचाय.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पारियामानात लग्नासाठी मुलीकडची माणसं येऊन मुलगा घेऊन जातात. आधी गुपचूप चौकशी होते: मुलगा बोलतो कसा, रागावतो का, वेळेवर उठतो का. पसंत पडला की पानाचा डबा घेऊन मुलाच्या मामाकसमोर, म्हणजे सख्ख्या मामासमोर बसायचं, मुलीकडच्यांनी मुलासाठी द्यायचं मोल ठरवायचं, आणि वाजतगाजत मुलगा न्यायचा. लग्नानंतर तो बायकोच्या घरी राहतो. बाकीच्या जगात याच्या उलटं चालतं असं ऐकलंय. चालो बिचारं. डॉक्टर मुलाला तर अशी मागणी येते, की मामाक लोक महिनाभर आधीपासून मिशीला तेल लावतात.

आणि निळ्या अक्षरांवर बोट ठेवल्यावर जे प्रश्न आले, ते असे होते. वडीलधाऱ्यांशी कसा बोलतो? राग आवरतो का? शब्द पाळतो का? दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवतो का? आपल्या घरातलं माणूस तुम्ही विश्वासाने याच्यावर सोपवाल का?

ही सगळी पद्धत आंदुंगला आईच्या दुधाबरोबर मिळालेली. पण त्या सोमवारी तिच्या डोक्यात फक्त लॉगबुक होतं. आणि एखादी गोष्ट तिच्या डोक्यात असली की ती सगळ्यांच्याच डोक्यात आहे असं ती धरून चाले.

मंगळवारपासून गाव विचित्र वागू लागलं. एतेक दार्निस रोज सकाळी नारळ घेऊन यायची आणि तासभर बोलायची, ती नारळ दारात ठेवून मान फिरवून गेली. अजो पुदीन मासळी देताना आंदुंगकडे असा बघत होता, की जणू त्याची होडीच कुणीतरी विकायला काढली आहे. आणि मामाक बागिंदो, आंदुंगचा मुलगा आणि रफदीचा मामा, जेवायला यायचाच बंद झाला.

"पोट बिघडलं असेल," आंदुंग म्हणाली आणि त्याच्याकडे पेजेचं भांडं पाठवलं. भांडं भरलेलंच परत आलं. सोबत निरोप आला, की ज्यांना पद्धत माहीत नाही त्यांच्या घरचं अन्न आम्ही खात नाही. आंदुंगने तो निरोप पोटदुखीच्या खात्यावर टाकला.

गुरुवारी दुपारी डॉक्टर तिउर्मा स्वतः खाणावळीत आल्या. त्या मेदानच्या. मेदानची माणसं 'पाणी द्या' म्हणाली तरी शेजारचे लोक भांडण सोडवायला धावतात. त्यांच्या मागे रफदी होता, आणि त्याचा चेहरा उकडलेल्या अंड्यासारखा झाला होता.

"नियारबाई," लॅपटॉप टेबलावर आपटून त्या गरजल्या, "तुमच्या नातवाने या गावाचं काय घोडं मारलंय?"

"का हो?"

"मतं आली आहेत. सगळी. आमच्या मेदानला एक सर्जन होता, तो पेशंटच्या अंगावर चिमटे फेकायचा. त्यालासुद्धा लोकांनी पाचपैकी तीन दिले होते. याला एक! एकाने सोडून बाकी सगळ्यांनी एक, नाहीतर दीड! या गुणांवर मी याला पास कसा करू? उद्या पोर्टल बंद होतंय."

आंदुंगच्या हातातल्या पळीतलं तेल कढईबाहेर गेलं. तिच्या नातवाला ती स्वतः हडकुळा म्हणे ते वेगळं. ते दुसऱ्या कुणी म्हणायचं म्हणजे काय?

"वाच," ती रफदीला म्हणाली. "काय लिहिलंय मेल्यांनी ते वाच."

आणि रफदीने स्वतःला पडलेल्या शिव्या, पेशंटला औषधं समजावून सांगावीत तशा सावकाश वाचून दाखवल्या.

"'मुलगा म्हणजे सुकाणू नसलेली होडी. आज इथे, उद्या तिथे. पादांगला नेलात तर तुम्हाला सांभाळता येणार नाही. आहे तिथेच असू द्या.'"

"पुदीन," आंदुंग म्हणाली. "त्याला होडीशिवाय दुसरं काही सुचत नाही. पुढे."

"नावं कळता कामा नयेत," डॉक्टर तिउर्मा म्हणाल्या. "ते गोपनीय असतं."

"असू दे की. मी कुठे विचारलं? वाच रे."

"'तापट आहे. आळशी आहे. झोपेत घोरतो. मी ऐकलेलं नाही, पण चेहऱ्यावरून कळतं. शिवाय त्याचं दुसरीकडे जमल्यात जमा आहे, तेव्हा आपण त्रास घेऊ नये.'"

"दार्निस! माझ्याकडून नारळाचे जास्त पैसे घेते ती घेते आणि वर..." एवढं बोलून आंदुंग थांबली. "दुसरीकडे जमलंय? काय जमलंय?"

"'मला असे प्रश्न फोनवर विचारायची ही पद्धत नव्हे. आधी माणसं पाठवा. पान पुढे ठेवा. मग गुण सांगू. तोवर सगळ्याला एक.'"

"हा माझ्या पोटचा," आंदुंग म्हणाली आणि बाकावर बसली. तिला आता हळूहळू उजेड पडत होता, आणि तो उजेड तिला मुळीच आवडत नव्हता.

"आणि हे एक मला समजतच नाही," डॉक्टर तिउर्मांनी बोट ठेवलं. "गुण एक. खाली लिहिलंय, 'याच्या हातचं इंजेक्शन दुखत नाही, पण ते तुम्हाला कशाला सांगू?'"

आंदुंगने फोन तोंडाशी धरला. "नियार बोलते. ज्यांनी ज्यांनी बुयुंगविषयी लिहिलंय त्यांनी संध्याकाळी मगरिबच्या अजानच्या आत खाणावळीत हजर व्हावं. जो येणार नाही त्याला उद्यापासून भात नाही."

सगळे आले. ज्यांनी लिहिलं नव्हतं तेही आले. मामाक बागिंदो नवी काळी टोपी घालून आला, कारण त्याला वाटलं पादांगचे पाहुणे आले. त्याने आल्या आल्या डॉक्टर तिउर्मांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मुलीची आई आपण का?"

"कुठल्या मुलीची?" डॉक्टर तिउर्मा ओरडल्या.

पुढची पाच मिनिटं कुणाचं कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी आंदुंगने झारा कढईवर बडवला.

"हे त्याच्या शिक्षणाचं होतं!" ती म्हणाली. "लॉगबुकाचं! लग्नाचं कोण बोललं?"

"तुम्हीच बोललात की, उनी," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणत दार्निसने कमरेवर हात ठेवले. "पादांगची मोठी माणसं, विचारायचंय, कुणाला सांगू नका, घाई आहे. आणखी काय बोलायचं राहिलं होतं?"

"मी बोलले ते बरोबर बोलले. ऐकणाऱ्यांची डोकी वाकडी."

"मी आईला सांगितलं होतं, हे डॉक्टरकीचं आहे म्हणून," दारात उभी असलेली वीर्ना हळूच म्हणाली.

"तू गप्प बस. हल्ली चौकशा अशाच होतात," दार्निसने तिला झापलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की हे वाक्य आता उपयोगाचं राहिलेलं नाही.

डॉक्टर तिउर्मांना सगळी पद्धत समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. मुलगाच नेतात हे त्यांना पटेना. पटलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून बसल्या.

"मग बदला ते गुण," आंदुंग म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. बसा रांगेत सगळे."

"बदलता येत नाहीत. एकदा दिलं की दिलं."

"खोडून टाका."

"खोडता येत नाही, नियारबाई! ते यंत्र आहे, पाटी नव्हे." डॉक्टर तिउर्मांनी श्वास घेतला. "एकच गोष्ट करता येईल. एवढे कमी गुण असूनही काम समाधानकारक आहे, असं मुख्य म्हणून मी लिहू शकते. पण कारण द्यावं लागतं. आणि ते कारण आधी मला पटायला हवं. तेव्हा बोला. इतकं वाईट का लिहिलंत?"

 शिव्या देणं सोपं होतं. पण माणूस समोर बसलेला असताना त्याच्याबद्दल बरं बोलायचं, तेही मोठ्याने, तेही दार्निसच्या देखत, हे त्यांच्याच्याने होईना. रफदी टेबलावरच्या रेघा मोजत होता. उद्या संध्याकाळी पोर्टल बंद झालं की त्याची पादांगची जागा गेली, हे आता सगळ्यांना कळलं होतं.

शेवटी अजो पुदीनने घसा साफ केला आणि रफदीकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगितलं.

"गळ भुवईत होता. केंद्रातली वीज गेलेली. हे पोरगं तोंडात बॅटरी धरून टाके घालत होतं, आणि बॅटरी तोंडात असताना मला धीर देत होतं. एक अक्षर कळलं नाही. पण धीर आला." त्याने भुवई चोळली. "असा माणूस पादांगच्या कुणाच्यातरी दारात नेऊन ठेवणार, आणि मग आमचे गळ कोण काढणार? म्हणून लिहिलं, होडी बिनसुकाणूची आहे. कोण घेतो असली होडी?"

"माझ्या सासूच्या पायाची जखम," दार्निस म्हणाली, तिच्या आवाजातला हिशेब जरा कमी झाला होता, "वास यायचा. पोटच्या मुली दारातून बोलायच्या. हा रोज येऊन धुवायचा. वर म्हातारीच्या हातचा तो कडवट चहा पिऊन जायचा. तो चहा मीसुद्धा पीत नाही. जाऊ कसा द्यायचा?"

मग हळूहळू सगळेच बोलू लागले. एक म्हणाली, माझं पोर सुई बघून पळायचं, आता सुई नसली तरी केंद्रात जातं. इंजेक्शनवाली पुढे आली. सगळ्यांचं सांगणं एकच होतं: पादांगवाल्यांना तो आवडता कामा नये, म्हणून वाईट लिहिलं. राहता राहिला मामाक.

"पद्धत ती पद्धत," बागिंदो म्हणाला.

"पण भाचा कसा आहे?" डॉक्टर तिउर्मांनी विचारलं.

बागिंदोने टोपी काढली, तिच्या आत बघितलं, पुन्हा घातली. "बरा आहे."

रफदीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. या मामाच्या तोंडून तो शब्द त्याने उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता.

डॉक्टर तिउर्मा टाइप करू लागल्या. गळ, बॅटरी, पाय, चहा, सगळं. पोर्टलने सांगितलं, अक्षरं जास्त झाली. त्यांनी चहा काढला. अजून जास्त. पाय काढला. पुदीन म्हणाला, बॅटरी काढू नका. बॅटरीही काढावी लागली. असं करता करता एकच ओळ उरली. ती त्यांनी मोठ्याने वाचली, "गावाने कमी गुण दिले, कारण गाव याला सोडायला तयार नाही." आणि बटण दाबलं.

पोर्टलने त्यांना बाहेर काढलं. बराच वेळ हालचाल नाही.

डॉक्टर तिउर्मा आपल्या मातृभाषेत जे बोलल्या ते कुणाला समजलं नाही, पण सर्वांनी मान डोलावली. पुन्हा आत जायचं तर खाणावळीतलं नेट गेलेलं. वीर्ना धावत दुकानात गेली, आपल्या नेटची वायर खेचत खेचत गल्ली ओलांडून घेऊन आली. एक मोटारसायकलवाला तिच्यावर ओरडला, त्याला होडीवाल्यांनी धरून थांबवलं. ओळ पुन्हा लिहिली. बटण दाबलं. पडद्यावर चाक फिरत राहिलं. अख्खी खाणावळ श्वास रोखून त्या चाकाकडे बघत होती.

पान हिरवं झालं.

 आंदुंग चुलीकडे गेली आणि तिथे तिला बराच वेळ मिरचीचा ठसका लागला. त्या दिवशी चुलीवर मिरचीचं काही नव्हतं, पण तेवढं बोलायची कुणाची छाती होती?

"एक राहिलंच," लॅपटॉप मिटता मिटता डॉक्टर तिउर्मा म्हणाल्या. "एकाने पाचपैकी पाच दिलेत. सगळ्या प्रश्नांना. ते तुम्हीच असणार, नियारबाई."

"मी?" आंदुंग ताडकन वळली. "माझ्याच पोराला मी पाच देईन? लाज आहे मला!"

"मग हे कुणी लिहिलं? 'डॉक्टर पानात भात टाकून उठतात, कारण केंद्रातून हाक येते. बाकी काही दोष नाही. त्यांना शिकायला जाऊ द्या. ते परत येतील.'"

कुणाला पत्ता लागेना. आंदुंगला मात्र लागला. कोपऱ्यातलं ते शेवटचं टेबल रस्त्यावरून दिसत नाही, धक्क्यावरून दिसत नाही. ते फक्त गल्लीपलीकडच्या एकाच दुकानातून दिसतं. तिने दारात बघितलं. वीर्ना वायर गुंडाळत होती आणि ती वायर काही केल्या तिच्याकडून गुंडाळली जात नव्हती. रफदीचे कान तर असे लाल झाले होते, की त्यावर भात शिजला असता. आंदुंगने जन्मात पहिल्यांदा एखादी गोष्ट ओळखूनही तोंडातून काढली नाही.

ती अजो पुदीनने काढली.

"म्हणजे बघा," तो भुवई चोळत म्हणाला. "मुलगा लग्नानंतर बायकोच्या घरी राहतो. हो ना? मग बायको जर पादांगची नसून... म्हणजे समजा... जवळपासचीच कुणी असली..."

सगळी खाणावळ एकदम छताकडे बघू लागली. दार्निस तेवढी बघत नव्हती. ती हसत होती.

रफदी पादांगला गेला. शाळांना सुट्टी लागली तेव्हा चार दिवसांसाठी गावी आला, आणि त्याच आठवड्यात दार्निस आपल्या भावाला घेऊन, पानाचा डबा घेऊन, रीतीप्रमाणे खाणावळीच्या वरच्या खोलीत येऊन बसली. मामाक बागिंदो तेल लावलेल्या मिशीसकट समोर. पान झालं. बागिंदोने भाच्याच्या गुणांचं वर्णन सुरू केलं. ते तो महिनाभर पाठ करत होता.

दार्निसने ते सगळं ऐकून घेतलं.

"गुणांचं राहू द्या," ती म्हणाली. "ते सरकारदरबारी नोंदलेलं आहे. तापट, आळशी, घोरतो. पाचपैकी एक. आणि त्यात आता काही बदलता येत नाही, ते यंत्र आहे, पाटी नव्हे. तेव्हा मोल जरा त्या मानाने धरा."

बागिंदोचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आंदुंग त्याच्या मदतीला जाणार, एवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. धक्क्यावर कुणाचातरी हात दोरात सापडला होता. रफदी सगळ्यांबरोबर जेवायला बसला होता. तो घास तसाच टाकून उठला, आणि कुणी काही म्हणायच्या आत जिना उतरून गेलासुद्धा.

"बघितलंत?" दार्निस म्हणाली. "पानात टाकून उठतो. हे लिहायचं राहिलंच होतं!"

आंदुंग नियार उठली. तिने केळीचं एक ताजं पान घेतलं, पुसलं आणि नातवाच्या अर्ध्या भातावर झाकण घालून ठेवलं.

"येईल परत," ती म्हणाली. "तोवर तू तुझं संपव, दार्निस. मोलाचं मग बोलू."